पाणाड्याची बेचकी आणि सातवी बोअर

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही बेचकी म्हणाल आणि चिंचा पाडायला घेऊन जाल. त्यात तुमची चूक नाही, मी दिसतेच तशी. उंबराच्या फांदीचे दोन हात, पुढे वीतभर टोक आणि तेलाने काळपट झालेलं अंग. पण मी आहे एका पाणाड्याची जुनी काठी, जमिनीखाली पाणी कुठे आहे ते दाखवणारी. निदान लोक तसं समजत आले. एकेचाळीस वर्षं मी नाशिक जिल्ह्यात हिंडले. जिथे जिथे मी मान खाली घातली, तिथे तिथे माणसांनी जमिनीला भोक पाडलं. त्यातली काही भोकं अजून श्वास घेतात. त्यांची गोष्ट मला सांगायची आहे. ऐकताना थोडी भीती वाटली तरी उठून जाऊ नका.

पेठच्या पलीकडे एका ओहोळाच्या काठी माझं झाड होतं. माझा पाणाड्या चिमाजी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. त्याच्या गावातला पाणी दाखवणारा म्हातारा नुकताच गेला होता आणि चिमाजीला ते काम हवं होतं. त्याने झाडाला हात जोडले, "एकच फांदी नेतो, बये" असं सांगितलं आणि कोयत्याच्या दोन घावांत मला खाली उतरवलं. माझी साल काढली, तिळाचं तेल चोळलं, आठवडाभर सावलीत ठेवलं. कामाच्या आदल्या दिवशी तो मला न चुकता पाण्यात भिजत घालायचा, कारण कोरडी काठी वाकत नाही, मोडते. सकाळी उपाशीपोटी, अनवाणी, माझे दोन्ही हात आपल्या मुठींत धरून तो शेतात चालायला लागायचा. मागून सगळं गाव यायचं, आणि कोणी खोकतसुद्धा नसे. मग एखाद्या जागी माझं टोक गर्रकन खाली वळायचं, आणि चिमाजी तिथे चुन्याची फुली मारायचा.

आता एक कबुली देते. चिमाजी असता तर दिली नसती. मला कधी काही कळायचंच नाही. पाणी, मुरूम, काळा दगड, सगळं मला सारखंच मुकं. वाकवायची ती त्याची मनगटं. मुठी जरा आत वळल्या की मी खाली जाते, तुमच्या हातातही जाईन. पण चिमाजी लबाड नव्हता बरं का. चालता चालता त्याचे डोळे वारूळ बघायचे, उंबर-जांभळं बघायचे, भर उन्हाळ्यात कुठे हिरवळ टिकली आहे ते बघायचे. डोळ्यांनी पाहिलेलं मनगटांना कळायचं आणि त्याला वाटायचं, काठी बोलली. डोंगरात त्याचे डोळे फारसे चुकले नाहीत. पाणी लागलं की मला हळदकुंकू आणि चिमाजीला टॉवेल-टोपी. नाही लागलं, तर बोअरच्या गाडीवाल्याने घाई केली असं ठरायचं. माझ्यावर ठपका म्हणून कधी आला नाही. इतकी सुखाची नोकरी कोणाला मिळते?

मग आम्हाला शहरातून बोलावणी यायला लागली. इंदिरानगरमध्ये गोदाछाया नावाची सोसायटी आहे, तीन इमारतींची. पूर्वी तिथे मळा होता, आता सगळीकडे फरशा आणि गाड्या. तिथे चिमाजीच्या डोळ्यांना बघायला ना वारूळ, ना हिरवळ. त्याला दिसत होते ते फक्त माणसांचे चेहरे. सेक्रेटरी देवव्रतराव हातात नारळ घेऊन उभे होते. बायका गॅलऱ्यांतून वाकून बघत होत्या. त्या सगळ्यांना पाणी इतकं हवं होतं, की चिमाजीची मनगटं त्यांच्याकडे बघूनच वळली. गंमत म्हणजे तिथे दोन इंच पाणी लागलं. दीड वर्ष पुरलं आणि आटलं. मग आम्हाला पुन्हा बोलावलं. अकरा वर्षांत मी त्या एका पार्किंगमध्ये सहा वेळा मान खाली घातली. सहा बोअर झाल्या, आधीच्यापेक्षा पुढची जास्त खोल, आणि प्रत्येक बोअर मागच्या कुंपणाच्या भिंतीकडे थोडी सरकलेली. माझ्यावर मात्र कोणी शंका घेतली नाही.

सहावीसुद्धा आटली आणि त्यानंतर तिथे ते सुरू झालं.

पहिल्यांदा ऐकलं वॉचमन जयरामने. भर दुपारची वेळ, सगळे कामावर गेलेले. चौथ्या बोअरचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं आणि आतून आवाज येत होता. खूप खोल कोणीतरी झोपलं असावं आणि तोंडाने श्वास सोडत असावं, तसा. जयरामने वाकून पाहिलं तर त्याच्या चेहऱ्यावर गार हवा आली. तिला ओल्या दगडाचा वास होता. तो मागे सरकला तो थेट गेटपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धीर करून पुन्हा गेला. आता हवा बाहेर येत नव्हती. कडुनिंबाचं एक वाळलेलं पान फरशीवरून घसरत घसरत झाकणाच्या फटीपर्यंत गेलं, क्षणभर काठावर उभं राहिलं आणि आत ओढलं गेलं. सकाळी आत, दुपारी बाहेर. जयरामने सहाही झाकणांवर लिंबं ठेवली. तिथे लोक गाड्या लावेनासे झाले, आणि सकाळच्या वेळी त्या बाजूने कोणी चालेनासं झालं. देवव्रतराव म्हणाले, "पाइपात हवा अडकली असेल." पण तेही गाडी दुसरीकडे लावू लागले.

अशा वेळी एप्रिलमध्ये आम्हाला सातव्या बोअरसाठी निरोप आला.

चिमाजी आता म्हातारा झाला होता. आदल्या दिवशी दुपारीच आम्ही पोचलो. त्याला मला भिजत घालायचं होतं आणि सोसायटीच्या नळाला थेंब नव्हता. जयराम म्हणाला, "भिंतीपलीकडं नर्सरी हाय भिमाबाईची. तिच्या विहिरीला पाणी असतंय." अकरा वर्षांत आम्ही त्या भिंतीपलीकडे कधी गेलो नव्हतो.

पलीकडे गुलाबाची, मोगऱ्याची, आंब्याची रोपं काळ्या पिशव्यांत ओळीने मांडलेली होती. मधोमध जुन्या मळ्याची दगडी विहीर होती, आत उतरायला पायऱ्या. नर्सरीमागच्या बैठ्या खोल्यांत राहणाऱ्या बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. नर्सरीची मालकीण भिमाबाई, वाळकी, उंच बाई, घागरींची पाळी लावून देत होती. चिमाजीने तांब्याभर पाणी मागितलं. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तूच ना दादा तो काठीवाला?"

"व्हय," चिमाजी म्हणाला. त्याला वाटलं, आपलं नाव इथवर पोचलं.

"ये हिकडं." तिने त्याला विहिरीच्या काठावर नेलं. "ती शेवाळ सुकलेली पायरी दिसती? तुझ्या पहिल्या भोकाच्या वक्ताला पाणी तिथवर होतं. आता मोज. नऊ पायऱ्या उघड्या पडल्या. माझी रोपं मेली तर मेली. पण ह्या तीस घरांला नळाचं पाणी पुरत नाय, ती हितं पितात."

चिमाजीने वाकून पाहिलं. विहिरीच्या तळाला काळं पाणी होतं, चार घागरींत संपेल इतकं. ते पुन्हा भरेपर्यंत बायका वाट बघत होत्या. एकीने दोर सोडला. घागर खाली टेकली तेव्हा भिंतीपलीकडून, सोसायटीच्या बाजूने, तो लांबलचक सुस्कारा ऐकू आला. बायकांना त्याची सवय झाली होती, कोणी वर पाहिलं नाही. पण चिमाजीच्या हातात मी होते आणि त्याचा हात गार पडलेला मला कळला.

"तांब्या घे की," भिमाबाई म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "काठीला नको."

त्या दिवशी त्याने मला भिजवलं नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं.

सकाळी आठला सगळे जमले. बोअरची गाडी गेटबाहेर उभी होती. देवव्रतरावांनी नारळ वाढवला. चिमाजी चपला काढून उभा राहिला आणि त्याने मला धरलं, पण त्याची पकड वेगळी होती. मुठी घट्ट आवळलेल्या, मनगटं सरळ, जरासुद्धा न वळणारी. मला त्याचं मन कळलं. त्याने ठरवलं होतं की आज काठी वाकू द्यायची नाही. सगळीकडे फिरायचं, "पाणी नाय" म्हणायचं आणि घरी जायचं.

आम्ही सहा झाकणांवरून गेलो. सकाळची वेळ होती, सहाही भोकं हवा आत ओढत होती. चिमाजीच्या धोतराचा सोगा दर वेळी झाकणाकडे झुकायचा. मी एकेक ओळखत होते. हे मी दाखवलं होतं, हेही मीच. पाचव्यापाशी मला वाटलं की आता ते मलाही ओढून घेईल आणि माझी काही तक्रार नसेल.

मग आम्ही भिंतीच्या कोपऱ्यात आलो. पलीकडे दहा-बारा पावलांवर भिमाबाईची विहीर होती.

मित्रांनो, पुढचं तुम्हाला पटेल की नाही मला माहीत नाही. चिमाजीची मनगटं हलली नाहीत, शपथेवर सांगते. मी कोरडी होते, कडक होते. आणि मला खालून कोणीतरी धरलं. टोकाला धरलं आणि ओढलं, हळू पण न सोडता. एकेचाळीस वर्षं मुकी असलेली जमीन त्या जागी माझ्याशी बोलली. खाली पाणी चाललं होतं, दगडाच्या फटीतून, विहिरीच्या दिशेने. मला त्याचा गारवा कळला. मी वाकू लागले. चिमाजीने मला वर खेचलं, त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या, माझं अंग करकरलं आणि तरीही माझं टोक सगळ्यांच्या समोर जमिनीकडे गेलं.

चिमाजी माझ्या टोकाकडे बघत राहिला. त्याला समजलं होतं. इतकी वर्षं जे खरं मानून तो चालत होता, ते पहिल्यांदा खरं घडत होतं.

"लागलं!" देवव्रतराव म्हणाले. "चुना आणा."

"नाय," चिमाजी म्हणाला.

"नाही कसं? काठी वाकली ना?"

"माझा हात थरथरला, साहेब. वय झालं. हितं पाणी नाय. कुठंच नाय."

बघा कशी गंमत आहे. सगळी हयात त्याचा हात हलला आणि लोकांनी काठी वाकली म्हटलं. त्या दिवशी काठी वाकली आणि तो हात हलला म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याचा आवाज फाटला. देवव्रतरावांना वाटलं, म्हाताऱ्याला अपयशाचं वाईट वाटलं. त्यांनी त्याला चहा दिला. बोअरची गाडी धुरळा उडवत परत गेली.

दुसऱ्या मजल्यावरची आभा मात्र चिमाजीच्या हातांकडेच बघत होती. ती ओझरच्या विमान कारखान्यात कामाला आहे, तिथे हवेचा दाब मोजायची यंत्रं ती तपासते. ती खाली वाकली, चौथ्या बोअरचं झाकण तिने बाजूला केलं आणि वहीचा एक कागद त्या भोकाच्या तोंडावर धरला. कागद आतल्या बाजूला चिकटून बसला.

"काका, हे भूत नाही," ती देवव्रतरावांना म्हणाली. "बाहेर हवेचा दाब वाढला की हवा आत जाते, कमी झाला की बाहेर येते. पण आत जायला आत जागा लागते. जिथे पाणी होतं, तिथे आता नुसती पोकळी आहे. आपण ती रिकामी केली आहे."

"मग आता काय करायचं?"

"भरायची. छपरावरचं पाणी गाळून ह्याच बोअरमध्ये सोडायचं."

हे सांगायला तिला पाच मिनिटं लागली आणि लोकांना पटायला दोन महिने. ती दारोदार गेली. कोणी म्हणालं, पाणी जमिनीत घालायचं म्हणजे आपलं पाणी दुसऱ्याला द्यायचं. कोणी म्हणालं, आधी टँकरचं बघा. पावसाळ्यात गच्चीवर चपला घालून जायचं नाही, लोणची-पापड वाळवायचे नाहीत, कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत, असे तिने नियम काढले, कारण घाण पाणी खाली गेलं तर विहिरीचंही पाणी नासेल. चपलांच्या नियमावरून जेवढं भांडण झालं, तेवढं सहा बोअरवरून मिळून झालं नव्हतं. पण दुसरा उपाय कोणापाशी नव्हता. चिमाजी गावी परतला नाही. जयरामच्या खोलीत राहून त्याने गाळणीच्या खड्ड्यांत वाळू-खडी भरायला मदत केली. सहाही भोकं कुठे आहेत ते त्याला माहीत होतंच.

पाऊस आला तेव्हा भोकांनी दोन दिवस आणि दोन रात्री पाणी गिळलं. तो आवाज ऐकवत नव्हता. फार दिवसांच्या उपाशी जनावराने मान न उचलता खावं, तशी ती पीत होती. जयराम खोलीचं दार लावून बसला. तिसऱ्या दिवशी आवाज मऊ झाला. पुढच्या दुपारी सुस्कारा आला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिमाबाईच्या विहिरीच्या पाच पायऱ्या पाण्याखाली गेल्या. सोसायटीच्या दुसऱ्या बोअरलाही थोडं पाणी आलं. पुढच्या श्रावणात चिमाजी वारला. जाण्याआधी त्याने मला भिमाबाईच्या हातात दिलं आणि कोपऱ्यातली खरी गोष्ट सांगितली. "माझ्यामागं दुसरा कुणी काठीवाला यील," तो म्हणाला. "तो खोटं बोलंलच असं नाय."

आणि तसंच झालं. यंदाच्या मार्चमध्ये पुन्हा पाणी कमी पडलं. जमिनीत आता पाणी आहे, मग सातवी बोअर का नको, असं लोक म्हणू लागले. यंत्राने पाणी शोधणाऱ्या एका माणसाला बोलावायचं ठरलं. रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. भिमाबाई मला पदराखाली घेऊन त्या भिंतीला वळसा घालून गेली आणि सभेत जाऊन उभी राहिली. तिला कोणी खुर्ची दिली नाही, कारण ती कोण हे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. तिने मला टेबलावर ठेवलं.

"यंत्रवाल्याला बोलवू नका," ती म्हणाली. "पाणी कुठं हाय ते मी सांगते. तुमच्या मागच्या कोपऱ्यात हाय. लय हाय. चिमाजी त्या दिवशी खोटं बोलला."

आभाने डोळे मिटून घेतले. चिमाजीचा हात हलला नव्हता, हे तिला बहुतेक तेव्हाच कळलं होतं.

देवव्रतराव सावकाश म्हणाले, "म्हणजे ते तुमच्या विहिरीचं पाणी."

"माझ्या, अन् मागच्या तीस घरांच्या. तिथं भोक पडलं तर आठ दिवसांत विहीर कोरडी."

"मग मावशी, तुम्ही हे सांगायला कशाला आलात? आम्ही उद्या गाडी बोलावू शकतो."

"बोलवा की," भिमाबाई म्हणाली. "पण आजपर्यंत तुम्हांला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक नव्हतं असं म्हणता यायचं नाय."

ती मला तिथेच ठेवून निघाली. दारापाशी पोचली तेव्हा तिचा हात चौकटीवर टेकला आणि मी पाहिलं, तो हात खरोखर थरथरत होता. तिने आपलं सगळं पाणी त्या टेबलावर ठेवलं होतं.

मग देवव्रतरावांनी मला उचललं, क्षणभर दोन्ही मुठींत धरायला गेले आणि थांबले. त्यांनी मला पुन्हा खाली ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि विचारलं, "ती विहीर तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे?"

कोणीच पाहिली नव्हती. एका भिंतीचं अंतर, आणि इतक्या वर्षांत कोणीच नाही. मग ते सगळे उठले, साठ-सत्तर माणसं, आणि वळसा घालून पलीकडे गेले. घागरीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. सोसायटीतले लोक विहिरीच्या काठाशी आले, खाली वाकले आणि उघड्या पायऱ्या मोजू लागले. त्या दिवशी ठराव झाला की कोपऱ्यात भोक पाडायचं नाही. पायऱ्या मोजायच्या, दर रविवारी, दोन्हीकडच्या एकेका माणसाने मिळून. सहा पायऱ्या उघड्या पडल्या की दोन्हीकडे पाणी जपून वापरायचं. अजून तरी ते पाळतात.

मी आता भिमाबाईच्या नर्सरीत एका खिळ्यावर असते. मला कोणी भिजवत नाही, तेल लावत नाही, माझा एक हात तडकला आहे. त्याचं दुःख आहे, नाही असं नाही. कौतुकाची सवय लवकर सुटत नाही. पण त्या कोपऱ्यात जे माझ्या टोकाला धरून बसलं होतं, त्याने मला अजून सोडलेलं नाही. दिवसरात्र मला ती ओढ जाणवते. ते पाणी जिवंत आहे, आणि त्याला सगळं ऐकू जातं असं मला वाटतं.

म्हणून माझं एवढं मागणं आहे, मित्रांनो. कधीतरी तुमच्या दारातही कोणीतरी काठी घेऊन येईल, किंवा यंत्र घेऊन, आणि बोट दाखवून म्हणेल, इथे पाणी आहे. ते कदाचित खरंही असेल. तेव्हा चुन्याची फुली मारू नका. आधी भिंतीपलीकडे जा आणि हाक मारा. ते पाणी पिणारं कोणीतरी तिथून ओ देईल.